छिलप्यांचं पोतं

केवळराम जेवायला बसला की रंभाबाई त्याच्याकडे पाठ करून बसे. चुलीकडे तोंड, हातात पळी. मागून ताट सरकल्याचा आवाज आला की हात मागे नेऊन भात वाढायचा. अंदाज असा बसला होता की एक शीत खाली सांडत नसे. शेजारच्या बायांना वाटे, नवऱ्याचा मान राखते. सासूला, पार्वताबाईलाही तसंच वाटे. आपल्या लेकाच्या घासाला सून दृष्ट लागू देत नाही, असं ती चारचौघींत कौतुकाने सांगे. रंभाबाईने कोणाचाच गैरसमज दूर केला नाही. खरी गोष्ट एवढीच होती की त्याला खाताना पाहणं तिला सोसत नसे.

केवळराम भुकेने खात नसे. भूक लागायला पोट कधीतरी रिकामं व्हावं लागतं. भाताचा ढीग पुढे आला की तो मधोमध बोटांनी बोडी, म्हणजे इवलं तळं, खोदी, तिच्यात वरण ओती, आणि पाळ फुटायच्या आत चहूकडून बांध घालत घालत खात सुटे. शेतातल्या बांधीची पाळ फुटली तर मात्र धनीरामला हाक मारावी लागे. धनीराम हा त्यांचा गडी, तनसाच्या पेंढीसारखा हलका माणूस. मालक ताटातलं पाणी अडवी, गडी शेतातलं.

जेवताना केवळराम बोलत नसे. डोळे मात्र आपल्या ताटात नसत, दुसऱ्याच्या ताटात असत. पाहुण्याने भाजी टाकली, पोराने अर्धी भाकर ठेवली, की त्याच्या चेहऱ्यावर एक हळवी काळजी उमटे. अन्न वाया जाऊ नये, असं तो म्हणे, आणि ते वाया जाऊ देत नसे. पार्वताबाई पदराने वारा घालत म्हणे की पोरगा वाळला. तिच्या लेखी तो लहानपणी गोवरातून उठला तेव्हापासून वाळलेलाच होता. चाळीस वर्षांत काही भरून आला नव्हता.

एकाहत्तर साली रंभाबाई लग्न होऊन बपेऱ्याजवळच्या या गावात आली, तेव्हा तिला असं काही वाटत नव्हतं. हे तिने स्वतःशी कधी नाकारलं नाही. तिच्या हातची कढी त्याने पहिल्यांदा खाल्ली, वाटी तोंडाला लावून तळाशी गेली तेव्हा डोळे मिटले, आणि तिला अंगावरून कोणी मोरपीस फिरवल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिने आणखी कढी केली. बावनथडी नदीच्या पाण्यावरचं धुकं वर उठायच्या आधी ती चूल पेटवी, आणि आज काय करावं या विचारात तिचा हात सकाळभर गाणं म्हटल्यासारखा चाले. पुढे तिच्या ध्यानात आलं की त्याचे डोळे कढीसाठी मिटतात तसेच शिळ्या भातासाठीही मिटतात, आणि शेजारच्या बेबीबाईने दिलेल्या आंबलेल्या वड्यांसाठीही. तिथे तिच्या हाताचा संबंध नव्हता.

पाठ तिने फिरवली ती वडिलांच्या तेरवीला. तुमसरच्या पुढे तिचं माहेर. अंगणात पंगत बसलेली, बायका आत. ती दाराच्या फटीतून बाहेर पाहत होती, कारण ज्या जागी वडील खाट टाकत त्याच जागी पत्रावळी मांडल्या होत्या, आणि तिला ती जागा एकदा नीट पाहून घ्यायची होती. त्या जागेवर तिचा नवरा बसला होता. त्याने वाढप्याला हाक मारून वडे मागितले. पुन्हा मागितले. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिचा भाऊ आनंदराव, मुंडण केलेल्या डोक्याने, स्वतः परात घेऊन आला आणि जावयाच्या पत्रावळीवर वडे ठेवून निघून गेला. केवळराम मागून म्हणाला, "कढी बी येऊ द्या."

त्या दिवसानंतर घरात काही भांडण झालं नाही. ती फक्त चुलीकडे तोंड करून बसू लागली.

त्याच माहेराहून आंदण म्हणून एक पांढरी गाय आली होती. गाईला लागोपाठ दोन गोऱ्हे झाले आणि दुसऱ्याच्या वेळी ती गेली. धाकट्याला रंभाबाईने कापडाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. थोरला बादल, धाकटा पाखऱ्या. दोघांच्या मानेवर हात ठेवला की कातडी थरथरून पुन्हा शांत होई, जशी वाऱ्याची झुळूक गेल्यावर बोडीच्या पाण्यावरची लहर निवते. तिला मूल झालं नाही. याबद्दल ती बोलत नसे, आणि बैलांना लेकरं म्हणणाऱ्या बायांचा तिला रागही येई. बैल ते बैल. पण तिने हात पुढे केला तर ते तोंड पुढे करीत, आणि खाऊन झालं की मान वर करून तिच्याकडे पाहत. खाणाऱ्याने वाढणाऱ्याकडे पाहावं, एवढीच तिची अपेक्षा होती. ती बैलांकडून पुरी झाली.

धनीरामने ते बैल पळताना पाहिले आणि शंकरपटाचं वेड घरात पुन्हा शिरलं. धान कापून झालं, मळणी उरकली की त्या भागात गावोगाव पट भरतो. सपाट केलेल्या लांब पट्टीवर जोड्या सोडतात. जोडीमागे इवलीशी छकडी, छकडीवर कासरा धरून बसलेला धुरकरी. जोडी जितकी मोलाची, तितका धुरकरी हलका हवा. धनीराम छकडीवर बसला की बैलांना वाटे मागे कोणी नाहीच. एक्क्याऐंशीच्या थंडीत साकोलीकडच्या पटात बादल आणि पाखऱ्या असे सुटले की मागची धूळ बसेपर्यंत निकाल लागला होता.

केवळरामने फेटा बांधला होता. तो पुढे झाला. पण लोकांनी धनीरामला खांद्यावर घेतलं, गुलाल धनीरामच्या डोक्यावर पडला, आणि मालक कोण असं कोणीतरी विचारल्यावर दुसऱ्याने भज्यांच्या दुकानाकडे बोट दाखवलं, कारण केवळराम सहसा तिथेच सापडे. या वेळी तो तिथे नव्हता, दोन हात अंतरावर उभा होता. त्याने ते ऐकलं.

घरी आल्यावर विजयाची पंगत बसली, तेव्हा गावासमोर त्याने जाहीर केलं की पुढच्या पटात कासरा तो स्वतः धरणार. त्याचे वडील म्हातारपणापर्यंत छकडीवर बसत, हे त्याने सांगितलं. वडील काटकीसारखे होते, हे सांगितलं नाही. पंगतीत हसू पिकलं. धनीराम खाली पाहून भात कालवत राहिला. तेव्हा आतून रंभाबाई दारात आली. बायकांनी असं पंगतीत बोलण्याची रीत नव्हती, म्हणून ती सासूला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की छकडीवर कोणी बसावं ते बैलांना विचारता येत नाही, काट्याला मात्र विचारता येतं. तुमसरच्या मिलमध्ये काटा आहे. तांदळाच्या भरल्या पोत्याहून जो जड भरणार नाही त्याने बसावं.

लोकांना हे फार आवडलं. केवळराम तावात होता. त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवला. "पोत्याइतका झालो तरच बसीन. नाई झालो तर धनीराम बसंन."

पार्वताबाई रडू लागली. पोत्याइतकं व्हायचं म्हणजे पोराने उपाशीच मरायचं, असं तिला वाटलं.

धान घेऊन मिलला गेले तेव्हा हमालांनी आधी पोतं ठेवलं, मग ते उतरवून केवळरामला काट्यावर चढवलं. एक पोतं आणि वर दोन कुडो मापं धान, असा हिशेब निघाला. हमाल म्हणाले, मालक, पोत्याला निदान शिवण तरी असते. केवळराम हसला. थट्टेने त्याचं काही बिघडत नसे. थट्टा खाऊन पचवायची कला त्याला आपोआप आली होती.

मग त्याने भात सोडला. झाडीपट्टीत माणसाने भात सोडणं म्हणजे संन्यासच. गावात बातमी झाली, दोन म्हातारे खास पाहायला आले. केवळरामने त्यांच्यासमोर भाताचं ताट बाजूला सारलं आणि मोठा उसासा टाकला. म्हातारे गेल्यावर त्याने पोहे मागितले. दुपारी मुरमुऱ्यांचा चिवडा, संध्याकाळी तांदळाच्या पिठाचे चिले, रात्री दुधात कालवलेली कण्यांची खीर. भाताला मात्र त्याने हात लावला नाही. कोणी विचारलं तर तो छातीवर हात ठेवून सांगे की महिना झाला, शीत पोटात गेलं नाही. यात खोटं काही नव्हतं. पार्वताबाईने तर सुनेला बजावलं की भाताचा वासही त्याला येऊ देऊ नको, बिचाऱ्याचा जीव तळमळतो.

मग उपवास आले. सोमवार, शनिवार, एकादशी. तलावातले उकडलेले शिंगाडे, शिंगाड्याचा शिरा, रताळी, साबुदाणा, दही. उपवासाच्या दिवशी चूल दुप्पट पेटे. मग पायी फिरणं आलं. पहाटे तो काठी घेऊन बपेऱ्यापर्यंत चालत जाई. तिथे आलुबोंड्यांची पहिली कढई उतरायची वेळ त्याच्या फिरण्याच्या वेळेशी बरोबर जुळे. येताना तो कोणाच्या तरी बैलबंडीत बसून येई, कारण खाल्ल्यावर चालू नये असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

पोळ्याच्या दिवशी त्याने कमरेचा करदोडा बदलला. जुना होता त्याहून वीतभर लांब घेतला आणि चार माणसांत सदरा वर करून दाखवला की पाहा, करदोडा कसा ढिला झाला. रंभाबाई बैलांच्या शिंगांना रंग लावत होती. तिने मान वर केली, त्या लोंबत्या काळ्या दोऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा शिंगाकडे वळली. बैलांच्या सणाला नवं दावं या घरात मालकानेच बांधलं, असं तिच्या मनात आलं.

दिवाळीनंतर मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले, धानाच्या गंज्यांवर पोपट उतरू लागले, आणि पट महिन्यावर आला. केवळराम गुपचूप तुमसरला जाऊन काट्यावर उभा राहून आला. श्वास रोखला, पायातल्या वहाणा काढल्या, खिशातली सुपारीसुद्धा हमालाच्या हातात दिली. काटा जिथे होता तिथून किंचित वरच सरकला.

त्या दिवशी त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. बैल काय ओढतात? छकडी आणि माणूस, दोन्ही मिळून. माणूस उतरत नसेल तर छकडी उतरवावी. बैलांना काय कळणार वजन कुठून गेलं ते? तो इश्वर सुताराकडे गेला आणि छकडीवर रंधा मारायला सांगितलं.

छकडी सागवानी होती, केवळरामच्या वडिलांची. इश्वरने दांडी थोडी सोलली. केवळरामने छकडी उचलून पाहिली आणि आणखी सोलायला लावली. आठ दिवसांनी पुन्हा नेली. बसायची पाटी अर्धी केली, चाकांचे आरे बारीक केले, दांडी पुन्हा तासली. इश्वरने त्याला सांगून पाहिलं.

"केवळभाऊ, लाकूड हाये थे. एकदा गेलं का वापस नाई येत."

"म्हणूनच त तासून राहिलो," केवळराम म्हणाला. "माहं त वापस येते."

आयुष्यात त्याने स्वतःबद्दल केलेलं हे एकच खरं विधान असावं.

छकडी एका हाताने उचलता येऊ लागली, तेव्हा तो ती उचलून चौकात उभा राहू लागला. किती उतरलं वजन, असं तो लोकांना विचारी, आणि ऐन बोलण्यात छकडीचं वजन कुठे संपतं आणि त्याचं कुठे सुरू होतं ते त्यालाच कळेनासं होई. सुताराकडचे छिलपे त्याने पोत्यात भरून घरी आणून ठेवले होते. रंभाबाईला वाटलं जळणासाठी असतील. पण पटाच्या आधी तो धनीराम आणि गावातल्या टोळक्याला घेऊन मिलला गेला, तेव्हा ते पोतं त्याने बरोबर घेतलं. आधी स्वतः काट्यावर उभा राहिला. मग उतरून छिलप्यांचं पोतं काट्यावर ठेवलं आणि सांगितलं की हे माझ्यातून वजा करा.

हमाल खाली बसून हसले. टोळक्याला तर हेच हवं होतं. धनीराम छकडीवर बसला तर फक्त शर्यत पाहायला मिळणार होती, केवळराम बसला तर तमाशा. त्यांनी वजाबाकी केली, तरीही थोडं वर राहिलं, ते त्यांनी सदऱ्या-धोतराच्या नावावर घातलं आणि केवळराम पोत्याइतका झाल्याचं तिथेच जाहीर केलं. गावात येईपर्यंत त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. पार्वताबाईने ओवाळलं. पोराने शब्द पाळला, म्हणाली, आणि त्याला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर भात वाढायला लावला.

रंभाबाईने ते छिलपे चुलीत घातले. सागवान चांगलं पेटतं. त्याचं उतरलेलं सगळं वजन तिने त्या संध्याकाळी जाळलं आणि त्याच जाळावर त्याचा भात शिजवला. मागे हात करून वाढला. तो तीनदा मागता झाला.

शब्द मोडला असता तर ती उभी राहिली असती. पण गावाने शब्द पाळला गेला असं ठरवलं होतं, आणि गाव हसत हसत ठरवतं तेव्हा एका बाईच्या रडण्याला किंवा ओरडण्याला जागा नसते. ती इश्वरकडे गेली. छकडी धरेल का, एवढंच विचारलं.

इश्वर रंधा पुसत राहिला. मग म्हणाला, "धनीराम बसला त धरते, वयनी. केवळभाऊ बसले त मी त्या दिवशी मामाच्या गावाले जाऊन राहिलो."

तिने हे घरी सांगितलं. केवळराम म्हणाला, सुताराला पटातलं काय कळतं.

तिची भीती छकडीपुरती नव्हती. पंधरा दिवसांपासून पाखऱ्याच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या. बादलचीही पाठ उतरली होती. पटाच्या बैलांना ती कणकेत गूळ आणि जवसाचं तेल मळून मुटके करून देत असे, रोज सकाळी मडक्यात भरून कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, ठेवी, आणि बैलांना मोकळं करून चारायचं काम केवळरामने आपणहून अंगावर घेतलं होतं. धुरकऱ्याची बैलांशी ओळख पाहिजे, असं तो म्हणाला होता. तिला त्या वेळी क्षणभर बरंही वाटलं होतं. आता तिने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने जीभ पाहिली, पोट दाबलं, जंताची पूड दिली, आणि सांगितलं की आजार काही नाही, खाणं कमी पडतं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात यायच्या सुमाराला ती कोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही बैल गव्हाणीवर माना टाकून उभे होते, आणि त्यांच्या पुढ्यात, पालथ्या घमेल्यावर, केवळराम बसला होता. मांडीत मडकं. तो मुटका मोडून तोंडात टाकी, चावी, डोळे मिटी. बादलने मान पुढे केली तेव्हा त्याने बोटांना लागलेला गूळ बैलाच्या नाकपुडीला पुसला. बैलाने ते चाटलं.

डोळे उघडले तेव्हा समोर ती होती. त्याचा गाल फुगलेलाच होता.

"बैलाच्या तोंडचं त राहू द्या," ती म्हणाली.

त्याने घास गिळला. "चव पाहून राहिलो होतो. कडू झालं असतं म्हणजे?"

तो लाजला असता, चिडला असता, तिच्या अंगावर धावला असता, तरी माणूस म्हणून त्याचा काही हिशेब तिला मांडता आला असता. पण तो खरोखरच विचारत होता. कडू झालं असतं म्हणजे? त्याच्या चेहऱ्यावर तीच हळवी काळजी होती, जी पाहुण्याच्या ताटात भाजी राहिल्यावर उमटे. रंभाबाईने मडकं त्याच्या मांडीतून उचललं. धनीरामला छकडीवर बसू द्या, म्हणाली. एवढं एक ऐका. केवळरामने तोंड पुसलं आणि सांगितलं की आता गळ्यात हार पडला आहे, लोक काय म्हणतील.

पट नदीपलीकडच्या गावी होता. सकाळपासून बंड्या, सायकली, माणसं. भोंग्यावरून एक जण जोड्यांची नावं पुकारत होता आणि मध्येच हरवलेल्या पोरांची. रंभाबाईने धनीरामला पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं. तिथे उभा राहा, एवढंच सांगितलं होतं, आणि का ते त्याने विचारलं नव्हतं.

केवळरामने गुलाबी फेटा बांधला होता. निघण्यापूर्वी शक्ती राहावी म्हणून त्याने पोटभर खाल्लं होतं. छकडी जुंपली, बैल थरथरत उभे राहिले. छकडी इतकी हडकली होती की उन्हात तिची सावली मातीवर काड्या मांडल्यासारखी दिसत होती. तो बसला तेव्हा एक बारीक करकर ऐकू आली. मागे वजन पडून जू बैलांच्या मानेवरून वर उचललं गेलं आणि दोघांनी माना ताणल्या. निशाण पडलं.

पहिल्याच झेपेला दांडी मोडली. आवाज फार मोठा झाला नाही, कोणी ऊस मोडावा तसा. केवळराम होता तिथे मातीत बसला, हातातून कासरा सुटला, आणि बैल जू आणि अर्धी दांडी घेऊन सुटले. त्यांच्या मागे कोणी नव्हतं. त्यांना हाकणारं, ओरडणारं, त्यांच्या तोंडचं खाणारं कोणीच नव्हतं. पट्टीच्या मधोमध, रेघ मारल्यासारखे सरळ, पांढऱ्या अंगावर ऊन घेऊन ते गेले. पट पाहायला आलेली माणसं एकदम गप्प झाली आणि मग सगळीकडून टाळ्या पडल्या. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "जोडी पोचली हाये, मंडळी. मालक मागून येऊन राहिले."

त्यावर जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. पार्वताबाई धावत लेकापाशी गेली आणि त्याला लागलं का ते न विचारता पदराआडून काहीतरी काढून त्याच्या तोंडाशी नेलं. रंभाबाई त्याच वाटेने आली. केवळरामने तिला पाहून हात वर केला, उठवायला. ती त्याच्या बाजूने पुढे गेली. तिचा पदर त्याच्या फेट्याला लागला असेल, इतक्या जवळून.

दुसऱ्या टोकाला धनीरामने बैल धरले होते. मोडक्या दांडीचं टोक लागून पाखऱ्याच्या मागच्या पायाची कातडी गेली होती. रंभाबाईने चंचीतली हळद काढून जखमेवर दाबली. बैलाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. उठली तेव्हा तिने धनीरामला सांगितलं की बैल सावकाश बपेऱ्याच्या फाट्यावर ने, आणि दिवेलागणीपर्यंत तिथे थांब.

"आज त्यांनी जेवण आटपाच्या आत बैलाचं नाव काढलं, लागलं का, कोठी हायेत, एवढं जरी इचारलं, त निरोप धाडीन, घरी आण. नाई आला निरोप, त माह्या माहेरी, आनंदरावकडे ने. माह्या गाईचे वासरं हायेत, कोणाचं देणं लागत नाई."

धनीराम म्हणाला, "इचारतीनच वयनी. मालक हायेत."

"पाहू," ती म्हणाली.

संध्याकाळी केवळरामने अंगाला तेल लावून घेतलं आणि तो जेवायला बसला. रंभाबाईने भात वाढला, कढी वाढली, आणि चुलीकडे न वळता त्याच्या समोर भिंतीला टेकून बसली. सात वर्षांत पहिल्यांदा. त्याने घास अर्ध्यावर थांबवून विचारलं, "काय पाहून राहिली?"

"काई नाई. जेवा."

तो जेवू लागला. ती पाहत राहिली. भाताच्या मधोमध बोडी, बोडीत कढी, बोटांचा बांध. इश्वरने लाकूड कच्चं दिलं, तो म्हणाला. भोंग्यावाल्याला एकदा पाहून घेतो. गर्दीतल्या कोणाची तरी नजर लागली असावी, त्यावर पार्वताबाईने मान हलवली. रंभाबाई आणखी भात वाढत होती. तिला वाटलं आता विचारेल. मग त्याने खरोखरच नाव काढलं.

"पाखऱ्यानं झटका मारला, नाई त..." तो म्हणाला. तिचा हात थांबला. त्याने बोटं चाटली. "कढी हाये का आनखी?"

तिने कढी वाढली. त्याने ती वाटी तोंडाला लावून संपवली, तळाशी गेल्यावर डोळे मिटले, तसेच, अगदी पहिल्या दिवसासारखे. बाहेर उजेड उतरत होता. कोठ्यातून घंटेचा आवाज येत नव्हता, आणि येत नाही हे त्या घरात एका माणसाशिवाय कोणाच्या कानात शिरत नव्हतं. त्याने ताटातच हात धुतला, ढेकर दिली.

"उद्या काय रांधशीन?"

रंभाबाई उठली. तिने दिवा लावला. मग अंगण ओलांडून कोठ्यात गेली. गव्हाण रिकामी होती, तिच्या कडेला बादलने घासून घासून गुळगुळीत केलेली जागा अंधारात मंद चमकत होती. पटाहून परत आल्यावर बैलांना द्यायला म्हणून तिने पहाटे केलेल्या मुटक्यांचं मडकं तिथे तसंच भरलेलं होतं. ते घेऊन ती आत आली आणि केवळरामच्या पुढ्यात ठेवलं.

"हे उरले," ती म्हणाली. "आता तुमचेच हायेत."

त्याने मडक्यात डोकावलं. मग तिच्याकडे पाहिलं. काहीतरी त्याच्या ध्यानात येऊ लागलं असावं, कारण भुवया किंचित वर गेल्या. तोवर हाताने एक मुटका मोडला होता.

"आन् बैलाले?" भरल्या तोंडाने त्याने विचारलं.

फाट्यावर धनीरामने एव्हाना दावं सोडून आनंदरावच्या गावाची वाट धरली असेल. रंभाबाई उष्टं ताट उचलून बाहेर गेली.